मारायचं नाही, धडही ठेवायचं नाही: हिपॅटायटिस सी आणि यकृतपेशीतले मायटोकॉन्ड्रिया

हिपॅटायटिस सीच्या विषाणूची लागण झालेल्या शंभर जणांपैकी साधारण तीस जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्या सत्तर जणांच्या यकृतात मात्र तो ठाण मांडतो. त्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीसेक वर्षांत सिरोसिस होतो, म्हणजे यकृतात व्रणतंतू साचून ते कडक होतं. तोवर बहुतेकांना कसलाच त्रास जाणवत नाही. फार तर थकवा, आणि दुसऱ्याच कुठल्या कारणाने केलेल्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर (एन्झाइम), थोडं वाढलेलं.

वीस वर्षं हा काळ विषाणूच्या हिशेबात फार मोठा आहे. यकृतपेशी काही गाफील नसते. परका आरएनए दिसला की काही तासांत इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन बनवायला घेणारी यंत्रणा तिच्यात सज्ज असते. समोरचा विषाणू तर अगदीच फाटका: सुमारे ९,६०० अक्षरांचा एकेरी आरएनए आणि त्यातून तयार होणारी जेमतेम दहा प्रथिनं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तो यकृतात इतकी वर्षं कसा टिकतो, आणि टिकताना पेशीची कोणती हानी करतो, हे पाहायचं तर मायटोकॉन्ड्रियाकडे वळावं लागतं. म्हणून या प्रकरणात परिस्थिती एकच घेतली आहे: एक यकृतपेशी, आत शिरलेला हिपॅटायटिस सीचा विषाणू, आणि त्यानंतर तिच्या मायटोकॉन्ड्रियाचं जे होतं ते.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते चूक नाही, पण या प्रकरणात त्याने दिशाभूल होते. ऊर्जेवरच लक्ष ठेवलं तर विषाणूने सगळ्यात आधी कुठे हात घातला ते दिसतच नाही.

पहिला घाव

विषाणू पेशीत शिरला की त्याचा आरएनए थेट वाचला जातो आणि सुमारे ३,००० अमिनो आम्लांची एक लांबलचक प्रथिनसाखळी तयार होते. तिचे योग्य जागी तुकडे झाले तरच कामाची दहा प्रथिनं सुटी होतात. यातले चार काप विषाणूचं स्वतःचं विकर घेतं. त्याचं नाव एनएस३/४ए. आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं प्रथिनं घडवणारं पटलांचं जाळं) हिच्या पटलाला चिकटून ते काम करतं.

दरम्यान पेशीही स्वस्थ बसलेली नसते. पेशीद्रवात रिग-आय नावाचं प्रथिन गस्त घालत असतं. विषाणूच्या आरएनएच्या टोकाचे तीन फॉस्फेट आणि शेपटाकडचा युरिडीनने भरलेला पट्टा ही परकेपणाची खूण त्याला बरोबर ओळखता येते. ओळख पटली की रिग-आय जातं मॅव्ह्स या प्रथिनाकडे. मॅव्ह्सचा पत्ता फार महत्त्वाचा: ते शेपटीने मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलात रुतलेलं असतं आणि त्याचं डोकं बाहेर पेशीद्रवात असतं. रिग-आयचा स्पर्श झाला की शेजारशेजारची मॅव्ह्स प्रथिनं एकमेकांना जुळून धाग्यासारखी रचना करतात. तिथून इशारा केंद्रकापर्यंत जातो आणि इंटरफेरॉनची जनुकं चालू होतात.

मॅव्ह्सचा शोध २००५ सालचा. चार वेगवेगळ्या गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधलं आणि प्रत्येकाने आपापलं नाव दिलं: मॅव्ह्स, आयपीएस-१, व्हिसा, कार्डिफ. जुने निबंध वाचताना ही चार नावं एकाच प्रथिनाची आहेत हे लक्षात ठेवलं नाही तर वाचणारा हमखास गोंधळतो. त्याच वर्षी डॅलसमधल्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेने एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. मॅव्ह्सची शेपटी काढून टाकली तर इशारा बंद पडला. तिच्या जागी मायटोकॉन्ड्रियाच्याच बाह्य पटलात रुतणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाची शेपटी जोडली तर तो पुन्हा सुरू झाला. मात्र पेशीपटलाकडे नेणारी शेपटी जोडली तेव्हा उपयोग झाला नाही. थोडक्यात, मॅव्ह्स कुठे बसलं आहे यावर सगळं अवलंबून आहे.

विषाणू नेमका हाच पत्ता तोडतो. मॅव्ह्समध्ये ५४० अमिनो आम्लं असतात. एनएस३/४ए त्याला ५०८व्या जागेवरच्या सिस्टीनपाशी, म्हणजे शेपटीच्या अगदी अलीकडे कापतं. डोक्याचा मोठा भाग पेशीद्रवात भरकटतो आणि शेपटीचं थोटूक पटलात राहतं. देवळातली घंटा शाबूत ठेवून नुसती दोरी कापावी, तसा हा प्रकार. रिग-आय नंतर कितीही वेळा येवो, इशारा पुढे जात नाही. ५०८व्या जागेवरचं ते एकच सिस्टीन बदलून पाहिलं तेव्हा विकराचा काप बसेना, आणि विकर हजर असूनही इशारा चालू राहिला.

यातली काटकसर पाहण्यासारखी आहे. विषाणूने यासाठी वेगळं हत्यार बाळगलेलं नाही. स्वतःच्या साखळीतले चार काप घेणारं विकरच इथे वापरलं जातं, आणि त्या चारपैकी तीन काप सिस्टीननंतरच बसतात. ९,६०० अक्षरांत संसार करायचा म्हटल्यावर एका विकराकडून दोन कामं करून घेणं आलंच. हेच विकर ट्रिफ नावाचं आणखी एक संदेशवाहक प्रथिनही कापतं, पण तो धागा इथे सोडून देतो.

पुढे २०११ साली एक बारकावा समोर आला. आंतर्द्रव्यजालिका आणि मायटोकॉन्ड्रिया काही ठिकाणी एकमेकांना अगदी खेटून असतात. बाधित पेशीत मुख्यतः या सांध्यावरचं मॅव्ह्स कापलेलं आढळलं. मायटोकॉन्ड्रियाच्या उरलेल्या पृष्ठभागावरचं बरंचसं शाबूत होतं. तरीही इशारा गप्प होता. म्हणजे खरा मोक्याचा बिंदू हा सांधा आहे. हा सांधा पुढेही येणार आहे, कारण कॅल्शियमची ये-जा तिथूनच होते.

कॅल्शियमपासून सुरू होणारी घसरण

इशारा तोडणं ही हेतुपुरस्सर वाटावी इतकी नेमकी कृती. त्यानंतर मायटोकॉन्ड्रियात जे घडतं ते मात्र तितकं नेमकं नाही. काही विषाणूच्या फायद्याचं, काही निव्वळ नासधूस, आणि दोन्हींमधली रेघ कुठे मारायची यावर जाणकारांचंही एकमत होत नाही.

विषाणूच्या आरएनएभोवतीचं कवच घडवणारं कोअर प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावरही जाऊन बसतं. दुसरीकडे आंतर्द्रव्यजालिकेत विषाणूच्या प्रथिनांची गर्दी झाल्याने तिथे साठवलेलं कॅल्शियम गळू लागतं. ते सांध्यावरून मायटोकॉन्ड्रियात शिरतं, आणि कोअरच्या उपस्थितीत ते आत ओढून घेण्याचा वेगही वाढतो. थोडं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियाला हवंच असतं, त्याने ऊर्जानिर्मितीला चालना मिळते. जास्त झालं की अंतःपटलावरच्या श्वसनसाखळीचा (इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने पुढे देत ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनसमूहांच्या रांगेचा) पहिला टप्पा, म्हणजे कॉम्प्लेक्स-१, अडखळतो. इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याऐवजी वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हा पेशीला घातक असा ऑक्सिजनचा प्रकार तयार होतो.

मायटोकॉन्ड्रियाकडे यावर उतारा असतो: ग्लुटाथायोन. कोअर असलेल्या मायटोकॉन्ड्रियात मात्र ग्लुटाथायोनचा साठा ऑक्सिडीकृत होऊन बसलेला आढळतो, म्हणजे खर्ची पडलेला. उतारा संपला की ऑक्सिडीकरणाचा मारा थेट पटलातल्या मेदावर आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर होतो. हा डीएनए १६,५६९ जोड्यांचा, श्वसनसाखळीच्या अगदी शेजारी असतो, आणि केंद्रकातल्या डीएनएला हिस्टोन प्रथिनांचं जे वेष्टन असतं ते त्याला नसतं. त्यावरच्या १३ प्रथिन-जनुकांपैकी सात कॉम्प्लेक्स-१चीच आहेत. तिथे इजा झाली की पहिला टप्पा आणखी दुबळा होतो, सुपरऑक्साइड आणखी वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की त्याला बाहेरून ढकलावं लागत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. यकृताला सूज असते, रोगप्रतिकारक पेशी तिथे धुमाकूळ घालत असतात. मग हे ऑक्सिडीकरण त्यांच्यामुळे कशावरून नाही? याचं बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर जपानमधल्या एका प्रयोगात मिळालं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उंदरांच्या यकृतात फक्त कोअर प्रथिन तयार होईल अशी व्यवस्था केली होती. विषाणू नाही, संसर्ग नाही. यकृतात सूजही नव्हती. तरी त्या उंदरांच्या यकृतात आधी चरबी साचली आणि वय वाढल्यावर काहींना यकृताचा कर्करोग झाला. एकट्या कोअरने इतकं होऊ शकत असेल तर सगळा दोष सुजेवर टाकता येत नाही. अर्थात माणसाच्या यकृतात दोन्ही एकत्र असतात आणि एकमेकांत भर घालतात.

लाल धागे, लाल ठिपके

या प्रकरणातला डोळ्यांनी पाहता येईल असा भाग हा. निरोगी पेशीतले मायटोकॉन्ड्रिया लाल चमकणाऱ्या रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पुस्तकातल्या चित्रासारखे सुटे लंबगोल क्वचितच दिसतात. दिसतं ते जाळं: लांब, वळणावळणाचे, एकमेकांत मिसळणारे आणि पुन्हा वेगळे होणारे धागे, पार पेशीच्या कडेपर्यंत पसरलेले. हिपॅटायटिस सीने बाधित पेशीत हे जाळं तुटलेलं असतं. धाग्यांच्या जागी आखूड तुकडे आणि ठिपके, आणि तेही केंद्रकाभोवती गोळा झालेले. पेशीची कड जवळजवळ रिकामी.

तुकडे होण्यामागे डीआरपी१ हे प्रथिन आहे. एरवी ते पेशीद्रवात असतं. गरज पडली की मायटोकॉन्ड्रियाभोवती वळं करून आवळतं आणि त्याचे दोन भाग करतं. विषाणूच्या संसर्गात डीआरपी१वर फॉस्फेट चढतो आणि ते मोठ्या प्रमाणात मायटोकॉन्ड्रियाकडे जातं. तुटून निघालेले निकामी तुकडे पार्किन नावाचं प्रथिन हेरतं आणि पेशीची सफाईयंत्रणा ते गिळून पचवते. या सफाईला माइटोफॅजी म्हणतात.

वरवर पाहता ही पेशीच्या भल्याची गोष्ट आहे. पण २०१४च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका गटाने बाधित पेशीत डीआरपी१ दाबून पाहिलं, आणि निकाल विचार करायला लावणारा निघाला: मायटोकॉन्ड्रिया तुटायचे थांबले, पण पेशी जास्त संख्येने आत्मनाश करू लागल्या आणि बाहेर पडणाऱ्या विषाणूंची संख्या घटली. बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया तसेच राहिले असते तर त्यांतून सायटोक्रोम-सी हे पेशीला आत्मनाशाकडे नेणारं प्रथिन गळून पेशी मेली असती, आणि पेशीबरोबर विषाणूचं बिऱ्हाडही उठलं असतं. तोडफोड करून लगेच झाडलोट करण्यात विषाणूचा स्वार्थ आहे तो असा. या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हेच. नुकसान किती झालं याहून ते कुठे थांबवलं गेलं, हे पाहावं.

चित्र इतकं साफ नाही, हेही सांगायला हवं. त्याच सुमारास एका जपानी गटाला नेमकं उलटं आढळलं: कोअर प्रथिन पार्किनलाच अडकवून ठेवतं आणि माइटोफॅजी दबते. दोन्ही गटांचं काम नीट केलेलं आहे. संसर्गाचा टप्पा, पेशींचा प्रकार, पाहणीची वेळ यांवर उत्तर बदलत असावं असा माझा अंदाज. माइटोफॅजी वाढली की घटली, असा एका शब्दाचा निकाल कोणी ठासून सांगितला तर सावध राहावं.

न जळलेली चरबी

मेदाम्लं जाळण्याचं काम मायटोकॉन्ड्रियाचं. ते मंदावलं की यकृतपेशीत चरबीचे थेंब साचू लागतात. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत मेदयुक्त यकृत वारंवार आढळतं, आणि विषाणूच्या जनुकप्रकार ३ मध्ये तर विषाणूचं प्रमाण आणि चरबी यांचा थेट संबंध दिसतो. विषाणू गेला की ती चरबीही उतरते.

हे थेंब विषाणूला नको आहेत असं मुळीच नाही. कोअर प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि नव्या विषाणूकणांची जुळणी त्यांच्याच आसपास होते. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या नादुरुस्तीतून विषाणूच्या कारखान्याला जागा मिळते. कोअर थेंबांमधला मेद वापरला जाण्याचा वेगही कमी करतं, त्यामुळे सगळी चरबी मायटोकॉन्ड्रियाच्याच खात्यावर टाकता येत नाही. ऊर्जेची कमतरता पेशी ग्लुकोज वेगाने फोडून काही अंशी भरून काढते. कशीबशी चालते, एवढंच.

या कथेतल्या फटी

आतापर्यंतची मांडणी वाचून वाटेल की मॅव्ह्स कापलं गेलं, म्हणून इंटरफेरॉन नाही, म्हणून विषाणू टिकला. सरळ रेघ. ती मोडणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

एक, हिपॅटायटिस एचा विषाणूसुद्धा मॅव्ह्स कापतो. त्याचं विकर वेगळं, कापण्याची जागा वेगळी, परिणाम तोच. तरी हिपॅटायटिस ए कधीच जुनाट होत नाही. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो शरीरातून जातो. तेव्हा दोरी कापणं हे दीर्घ मुक्कामाचं पुरेसं कारण असू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. जुनाट हिपॅटायटिस सी असलेल्या अनेक रुग्णांच्या यकृताचा तुकडा तपासला तर इंटरफेरॉनमुळे चालू होणारी जनुकं तिथे जोरात चालू असलेली दिसतात. दोरी कापली असेल तर घंटा वाजवतंय कोण? एक चांगलं उत्तर असं: बाधित पेशी स्वतः गप्प असते, पण तिच्या सान्निध्यात आलेल्या प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींना (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तिच्याकडून विषाणूचा आरएनए पोहोचतो, आणि त्या इंटरफेरॉन सोडतात. यकृतातल्या सगळ्याच पेशी बाधित नसतात; बाधित पेशी ठिकठिकाणी पुंजक्यांनी असतात. म्हणून गप्प पेशी आणि सावध झालेले शेजारी एकाच तुकड्यात सापडतात. गंमत म्हणजे ज्यांच्या यकृतात ही जनुकं आधीच चालू असत, त्यांना तेव्हाच्या उपचाराचा, म्हणजे इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा, फायदा कमी होत असे.

तिसरी फट प्रयोगशाळेतली. हा विषाणू पेशींमध्ये वाढवणं फार वर्षं जमत नव्हतं. पूर्ण संसर्गचक्र प्रयोगशाळेत चालवता आलं ते २००५ साली, जेएफएच-१ या वाणामुळे. तो एका जपानी रुग्णाकडून मिळाला होता. ज्या पेशींत तो वाढतो त्या हू-७ आणि तिची पोटशाखा हू-७.५. दोन्ही मुळात कर्करोगाच्या पेशी, ग्लुकोजवर भागवण्याकडे कल असलेल्या. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचं वागणं धड यकृतपेशीसारखं असेलच असं नाही. शिवाय हू-७.५ मध्ये रिग-आयच सदोष असतं. विषाणू तिच्यात जोमाने वाढतो याचं एक कारण तेच मानलं जातं. इशारा आधीच बंद असलेल्या पेशीवरून इशाऱ्याबद्दल निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही. मॅव्ह्स कापलं जाण्याचा पुरावा सुदैवाने एवढ्यावरच थांबत नाही. रुग्णांच्या यकृताच्या नमुन्यांतही कापलेलं मॅव्ह्स दाखवलं गेलं आहे.

औषधांनी काय दाखवलं

विषाणूचा हल्ला आणि मायटोकॉन्ड्रियाची हानी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायची संधी उपचारांनी दिली.

पहिला दाखला मायटोक्विनोनचा. हे मायटोकॉन्ड्रियात जाऊन साचणारं अँटीऑक्सिडंट. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या ३० रुग्णांवर २८ दिवस त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांना औषध मिळालं त्यांचं एसजीपीटी उतरलं. रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. चाचणी छोटी होती, पण तिचा अर्थ स्पष्ट आहे: ऑक्सिडीकरणाचा मारा कमी केल्याने पेशीची हानी कमी होते, विषाणूचं त्यावाचून अडत नाही. अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांनी हिपॅटायटिस सी बरा होतो असं कोणी सांगत असेल तर हा निकाल त्याला दाखवावा.

दुसरा दाखला एनएस३/४एला रोखणाऱ्या औषधांचा. टेलाप्रेव्हिर आणि बोसेप्रेव्हिर २०११ साली अमेरिकेत मंजूर झाली. तेव्हा दुहेरी फायद्याची आशा होती: विकर बंद पडल्याने विषाणूची प्रथिनं सुटी होणार नाहीत, आणि मॅव्ह्स वाचल्याने पेशीचा इशाराही परत येईल. पेशींवरच्या प्रयोगांत इशारा परत आला, पण त्यासाठी औषधाची मात्रा विषाणू दाबायला लागते त्याहून कितीतरी जास्त लागली. मग सोफोसबुव्हिर आलं, २०१३च्या अखेरीस. ते एनएस३/४एला हातही लावत नाही. विषाणूच्या आरएनएची नक्कल थांबवतं. त्यावर आधारलेल्या औषधजोड्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. दोरी पुन्हा बांधण्याची कल्पना सुंदर होती, पण बरं होण्यासाठी तिची गरज पडली नाही. विषाणूची नक्कल थांबली की विकरही संपत जातं.

सोफोसबुव्हिरच्या जातीची, म्हणजे न्यूक्लिओसाइडसारखी औषधं विकसित करताना मायटोकॉन्ड्रियावरच्या परिणामांची कसून तपासणी होते. त्यामागे १९९३ सालची एक दुर्घटना आहे. हिपॅटायटिस बीसाठी फियाल्युरिडीनची चाचणी अमेरिकेत चालू होती. १५ रुग्णांपैकी सात जणांचं यकृत निकामी झालं आणि पाच जण दगावले. औषध मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत शिरत होतं. आधीच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात या औषधाला आत नेणारा वाहक असतो, उंदरांच्या नसतो, हे नंतर कळलं.

विषाणू गेल्यावर यकृतपेशी किती सावरते? एसजीपीटी बहुतेकांचं पूर्ववत होतं, चरबी उतरते, यकृतातले व्रणतंतूही अनेकांत हळूहळू कमी होतात. पण ज्यांना विषाणू जाण्याआधीच सिरोसिस झालेला आहे त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. वर्षानुवर्षं ऑक्सिडीकरण सोसलेल्या पेशींच्या डीएनएतले बदल औषधाने पुसले जात नाहीत. म्हणून रक्तात विषाणू सापडत नाही असा अहवाल हातात आल्यावरही सिरोसिसच्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करत राहायला सांगितलं जातं.